मदत हवी आहे: चिपाडाने रंग निघत नाही, पाणी उलट तांबूस होतंय

काठावरचा
परवा प्रोजेक्ट दाखवायचाय. गुऱ्हाळावरचं चिपाड वाळवून मिक्सरला फिरवलं, २०० मिली रंगाच्या पाण्यात ५ ग्रॅम टाकून तासभर हलवलं. रंग तसाच, वर तांबूस छटा. व्हिडिओत तर दहा मिनिटांत पाणी नितळ! लवकर सांगा.

रंगखाता
कुठला रंग? पीएच किती? चिपाड धुतलं होतं का?

काठावरचा
निळा रंग. इचलकरंजीच्या प्रोसेसचं (कापड रंगवायच्या कारखान्याचं) पाणी आहे.

रंगखाता
निळा हे उत्तर नव्हे. सुती कापड असेल तर बहुतेक रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग. व्हिडिओत मिथिलीन ब्लू असणार. तो धनभारित, चिपाडाचा पृष्ठभाग ऋण, म्हणून झटकन बसतो. रिॲक्टिव्ह रंगावर ऋणभारित सल्फोनेट गट, म्हणजे तोही ऋणच. कसा चिकटेल? पीएच २-३ वर आणा, थोडाफार बसेल.

गूळढेप
आधी धुवा की राव! गुऱ्हाळाच्या चिपाडात कारखान्याच्या बगॅसपेक्षा (तिथल्या चिपाडापेक्षा) जास्त साखर राहते. उकळत्या पाण्यात घालून, पाणी बदलत, निथळ स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, ६०-७० अंशांला वाळवायचं, मग चाळायचं. तांबूसपणा त्यातल्याच विरघळणाऱ्या द्रव्यांचा, त्याने सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढतो ते वेगळंच. आणि लिटरला २५ ग्रॅम म्हणजे काढाच झाला. बाकी चिपाड आम्हाला जळणालाच पुरत नाही, तुम्ही पाण्यात घाला.

चुनखडी
कशाला हा खटाटोप? तुरटी टाका, रंग खाली बसतो.

रंगखाता
डिस्पर्स रंग, म्हणजे पाण्यात जवळजवळ न विरघळणारा, तो बसतो. विरघळलेला रिॲक्टिव्ह तुरटीला नीट दाद देत नाही. फेरस सल्फेट आणि चुना बरा, पण गाळ ढिगाने. तो कुठं टाकणार?

चुनखडी
आणि रंग प्यालेलं चिपाड कुठं टाकणार, तेही सांगा.

सखी_बोअर
आमच्या बोअरचं पाणी पिवळं येतं. चिपाड चालेल का?

गूळढेप
ताई, ते लोह असेल. वेगळा धागा काढा.

काठावरचा
पीएच पेपरवर १० च्या वर दाखवतंय. किती ॲसिड लागेल?

रंगखाता
हे आधी सांगायचं. रंगवायच्या बाथमध्ये लिटरला २० ग्रॅम सोडा ॲश (धुण्याचा सोडा) असेल, तर तेवढा मारायलाच लिटरमागे १८-१९ ग्रॅम सल्फ्युरिक जातं. फेस येऊन भांड्याबाहेर येतं, थेंबाथेंबाने घाला. धुण्याचं पाणी मिसळलं असेल तर कमी लागेल.

सीटॅबप्रेमी
ॲसिड नको. धुतलेलं चिपाड सीटॅबच्या (धनभारित, साबणासारखं रसायन) द्रावणात रात्रभर ठेवा, पृष्ठभाग धन होतो, रिॲक्टिव्ह धरतो. जास्तीचं मात्र धुऊन काढा, नाहीतर फेस थांबत नाही.

काठावरचा
परवाच आहे हो! मिथिलीन ब्लूच दाखवतो.

रंगखाता
दाखवा, पण प्रोसेसचं पाणी म्हणून नको. लिटरला ५० मिलिग्रॅम रंग, १०० मिलीला ०.२ ग्रॅम धुतलेलं चिपाड. सोबत तेवढंच चिपाड नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातही ठेवा, ते ब्लँक, म्हणजे तुलनेसाठी. फिल्टर पेपरने गाळू नका, कागदच हा रंग ओढतो आणि आकडा फसवा येतो. सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून गाळ खाली बसवून) रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर ६६४ नॅनोमीटरला वाचा. बारीक तूस राहिलं तर रीडिंग चढतं.