हायब्रिड नसलेल्या गाडीत व्होल्टेज वरखाली का होतं?

चाळीसगाव: कन्नड घाट उतरताना व्होल्टमीटर १४.८ दाखवतो, सपाटीवर १२.६. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) गेला का?

धुळे: नाही भाऊ, ठणठणीत आहे. ॲक्सिलरेटर सोडला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, अल्टरनेटरचा भार वाढवतो. पेट्रोल न जाळता, चाकांच्या गतीवरच बॅटरी भरते. वेग घेताना भार काढतो. त्यासाठी बॅटरी मुद्दाम ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, भरायला जागा हवी ना!

जळगाव: बॅटरी बदलताना ईएफबी किंवा एजीएमच घ्या, या प्रकारच्या बॅटऱ्या सततची भर-उपसा सोसतात. साधी असेल तर सततच्या भर-उपशाने प्लेटा लवकर बसतात, त्यात आपला उन्हाळा. निगेटिव्ह टर्मिनलवरचा, बॅटरी किती भरली ते मोजणारा छोटा सेन्सर जपा. जंप स्टार्टची काळी क्लिप तिथे नको, बॉडीच्या अर्थला लावा.

धुळे: ब्रेक पॅड मात्र यातून वाचत नाहीत. अल्टरनेटर जेमतेम दीड-दोन किलोवॉट खेचतो. घाटात गिअर खालचाच ठेवा.