मदत हवी आहे: अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल आमच्याकडे असताना गुण समोरच्यांना कसे?

निवांत_नलू: लेक शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये आहे, म्हणून शुक्रवारी रात्री सामन्याला जावंच लागतं. खेळातलं ओ की ठो कळत नाही. काल आमचाच पोरगा बॉल घेऊन पळत होता, त्याला पाडलं आणि २ गुण समोरच्यांना! वर पुन्हा आम्हीच लाथ मारून बॉल त्यांना देऊन टाकला. कोणी भांडलंसुद्धा नाही. यूट्यूबच्या लिंका देऊ नका, बघून झाल्यात.

खडूस_काका: कुठे पाडलं? राज्य कुठलं? डाउन कितवा?

निवांत_नलू: मैदानात पाडलं, आणखी कुठे! टेक्सास. डाउन म्हणजे काय तेच तर विचारतेय.

बोरूबहाद्दर: सोपं आहे. चार चेंडूंची ओव्हर समजा. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन. १० यार्ड झाले की नवे चार मिळतात. नाही झाले तर बॉल जिथे असेल तिथूनच समोरच्यांना. म्हणून चौथ्या डाउनला तो लाथेने लांब धाडतात, तो पंट. तुमच्याकडे तेच झालं.

खडूस_काका: पंटचे गुण कधीपासून मिळायला लागले? आणि चांगलं खेळलं म्हणून ओव्हरमध्ये चेंडू वाढवून मिळतात का? भलत्या उपमा देऊन गोंधळ वाढवू नका.

बोरूबहाद्दर: काका, पहिल्या दिवशी एवढंच पुरतं. तुम्ही समजावा की मग.

मनमोकळी: मुलाला हा खेळ खेळूच देऊ नका. हेल्मेट असलं तरी मेंदूला मार बसतो. माझ्या भाच्याला पोहण्यात घातलं, दृष्ट लागेल असा तयार झालाय.

निवांत_नलू: मुलगी आहे हो. क्लॅरिनेट वाजवते.

अटलांटाकर: समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात बॉल नेला की टचडाउन, त्याचे ६, त्यानंतर किकचा १ किंवा पुन्हा आत घुसलात तर २. लाथेने बॉल टोकाच्या दोन खांबांमधून धाडला की फील्ड गोल, त्याचे ३. तुमचे ते २ म्हणजे सेफ्टी दिसतेय. मैदानाच्या टोकाला १० यार्डांचा पट्टा असतो, एंड झोन. त्यात पाडलं का?

निवांत_नलू: हो, त्या रंगीत पट्ट्यातच! पण पट्टे दोन्ही टोकांना आहेत. आमचा कुठला?

अटलांटाकर: ज्याच्याकडे पाठ करून तुमची पोरं खेळतात तो. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर बाजू बदलतात, रंगावर जाऊ नका. आपल्याच एंड झोनमध्ये बॉलसकट आडवे झालात की २ गुण त्यांना, शिवाय आपल्या २० यार्डच्या रेषेवरून किक मारून बॉलही त्यांनाच द्यायचा. दुहेरी मार. कोण कशाला भांडेल?

खडूस_काका: मी पहिल्याच प्रतिसादात ‘कुठे पाडलं’ विचारलं होतं. बाकी, टेक्सासात शाळांचे सामनेही थोडे फेरफार करून कॉलेजच्या नियमांनी होतात. टीव्हीवर एनएफएल, म्हणजे व्यावसायिक संघांची लीग, बघून शिकाल तर फसाल. तिथे पास, म्हणजे हाताने फेकलेला बॉल, झेलताना दोन्ही पाय रेषेच्या आत लागतात, तुमच्याकडे एक पुरतो.

पुणेरी_पाहुणा: अवांतर: सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, भारतात किती वाजता दिसतो?

बोरूबहाद्दर: सोमवारी पहाटे ५ च्या सुमारास. दूधवाल्याआधी उठा.

निवांत_नलू: अटलांटाकर, धन्यवाद! आता कळलं. बरं, १२ मिनिटांचा क्वार्टर अर्धा-पाऊण तास का चालतो?

अटलांटाकर: पास न झेलता खाली पडला की घड्याळ थांबतं. खेळाडू बॉलसकट रेषेबाहेर गेला तरी थांबतं. पोरं फार पास टाकतात का तुमची?

निवांत_नलू: टाकतात. झेलत नाहीत.