14 मुलाखती झाल्या, थीम जमत नाहीत. मदत हवी आहे (एम.एड. लघुशोध)

आभाळवेडी
एम.एड.चं दुसरं वर्ष. लघुशोधप्रबंध गुणात्मक पद्धतीने घेतलाय. मुलाखती टाईप करून झाल्या, कोडिंग केलं (बोलण्याच्या तुकड्यांना नावं दिली), पाच थीम काढल्या. मार्गदर्शक मॅडमनी कोपऱ्यात "यात नवीन काय?" एवढंच लिहून परत दिलं. सोमवारी चौथं प्रकरण द्यायचंय. थीम नक्की कशा काढतात? व्याख्या नको, त्या पाठ आहेत.

माळरान
विषय काय? मुलाखती कुणाच्या? त्याशिवाय कोण काय सांगणार?

गणितवाला सर
14 लोकांवरून काय सिद्ध होणार? 100 जणांना प्रश्नावली द्या, पंचबिंदू श्रेणी ठेवा, काई-वर्ग ही सांख्यिकी चाचणी लावा. माझा प्रबंध असाच झाला, व्हायवाला कुणी अडवलं नाही.

रानजाई
सर, तिने प्रश्नावलीचं विचारलेलंच नाही. "किती जण" हा प्रश्न असेल तर 100 घ्या. "असं का घडतं" हे कळून घ्यायचं असेल तर एकेका माणसापाशी तासभर बसावंच लागतं.

गणितवाला सर
पण मग ते फक्त तुमचं मत झालं. दुसऱ्याने त्याच मुलाखती वाचल्या तर वेगळंच निघेल.

निळा पेन
कोडिंगसाठी एनव्हिवो सॉफ्टवेअर घ्या. महाग वाटलं तर टॅगेट फुकट आहे.

आभाळवेडी
सॉफ्टवेअर नकोय हो, रंगीत पेन्सिलीनेच केलंय. विषय: ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शाळेतलं खंडित शिक्षण. बीड जिल्हा. 8 आया, 6 शिक्षक. थीम: आर्थिक कारणे, सामाजिक कारणे, कौटुंबिक कारणे, शासकीय योजना, उपाय.

रानजाई
अडचण इथेच आहे. ही पाच नावं तू गावात जायच्या आधीच लिहू शकली असतीस. मुलाखतीच्या प्रश्नांचे मथळेच आहेत ना हे? हे नुसते कप्पे झाले. थीम म्हणजे त्या कप्प्यांतल्या बोलण्यातून तुला काय म्हणायचंय ते. ब्रॉन आणि क्लार्क यांचा 2006 चा लेख सगळे थीम काढायच्या सहा पायऱ्यांसाठी वापरतात, पण थीम मजकुरातून आपोआप "वर येत" नाहीत, संशोधकाने त्या घडवाव्या लागतात, हेही त्यांनी तिथेच बजावलंय. मुलं सोबत का नेली याबद्दल आया काय म्हणाल्या? त्यांच्याच शब्दांत दे.

आभाळवेडी
एक म्हणाली, "उचल घेतलीया, कोयता भरावाच लागतो. धाकटा फडात कुणाकडं ठिवू? पोरगी सांभाळती." (उचल म्हणजे मुकादमाकडून, टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेले पैसे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी.) दुसरीही जवळपास तेच. शिक्षक मात्र सहापैकी पाच म्हणाले, "पालक उदासीन आहेत."

रानजाई
बघ, सापडलं! मुलगी शाळेत नाही, कारण कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) ती धाकट्याला सांभाळते आणि त्यामुळे आईचा कोयता चालतो. त्या पोरीचं काम धरूनच घराची उचल फिटते. शाळेच्या भाषेत याला "उदासीनता" म्हणतात. थीमचं नाव एका वाक्यात लिही: "शिक्षक जिला उदासीनता म्हणतात, ती आईच्या लेखी कामाची वाटणी आहे." आता 14 च्या 14 मुलाखती हे वाक्य हातात धरून परत वाच. न बसणारी माणसं मुद्दाम शोध. तो सहावा शिक्षक काय म्हणाला?

हंगाम
खरा उपाय हंगामी वसतिगृह, म्हणजे आईवडील तोडीला गेले तरी मुलं गावातच राहतील अशी सोय. आमच्या गावात आजीजवळ राहिलेली मुलं टिकली, सोबत गेलेली गळाली. शिक्षण हमी कार्ड देऊन काय होतं? तिकडच्या शाळेत नाव घालतात, पण फड हलला की शाळाही सुटते.

माळरान
महत्त्वाचा मुद्दा आहे, पण तिला सोमवारपर्यंत प्रकरण लिहायचंय. आभाळवेडी, मुलाखती कुठे घेतल्या? मुकादम जवळ होता का?

आभाळवेडी
कारखान्याजवळच्या कोप्यांवर, जानेवारीत. आठपैकी तीन वेळा तो समोरच बसला होता. त्याच्यामुळेच बायका बोलायला तयार झाल्या.

माळरान
मग त्या तिघींनी उचलीबद्दल जे सांगितलं ते वेगळं काढून वाच. दुसऱ्या प्रकरणात हे स्पष्ट लिही, लपवू नकोस. टोळ्या आता गावी परतल्यात. शक्य असेल तर एकीला तरी घरी जाऊन भेट आणि तुझा अर्थ तिला ऐकव. तिचं उत्तर वेगळं आलं तर तेही प्रबंधात घे.

गणितवाला सर
हे मात्र पटलं. मुकादम बसलेला असताना माझी प्रश्नावलीसुद्धा खोटीच भरली गेली असती.

आभाळवेडी
सहाव्या शिक्षकाची मुलाखत आत्ता काढून वाचली. ते स्वतः ऊसतोड घरातले आहेत. "मीबी भावाला सांभाळून चौथीत दोनदा बसलो," असं पान तीनवर आहे. मी त्याला "इतर" असा कोड दिला होता. उद्या सकाळच्या एस.टी.ने जातेय, दोघी आया भेटायला हो म्हणाल्यात.