काका म्हणजे कोण? तुमचे अनुभव सांगा

आमच्या वरच्या मजल्यावर तीन वर्षं एक अफगाण मुलगा भाड्याने राहत होता. पुण्यात शिकायला आलेल्या अनेक अफगाण विद्यार्थ्यांपैकी एक. किल्ली घ्यायला आला तो बाबांना म्हणाला, "सलाम, काका जान." बाबा एकदम खूश. पोरगं येतानाच चार मराठी शब्द शिकून आलं, असं त्यांना वाटलं. दोन दिवसांनी उलगडा झाला. त्याच्या दरी भाषेत, म्हणजे काबूलकडच्या फारसीत, वडिलांच्या भावाला काकाच म्हणतात. आईच्या भावाला मामा. तो फारसीच बोलत होता, आम्ही मराठीच ऐकत होतो, आणि दोघांचा अर्थ तंतोतंत जुळत होता. त्यानेच पुढे सांगितलं की इराणात शिराझकडे 'काका' म्हणजे भाऊ, आणि तिथली माणसं एकमेकांना लाडाने 'काकू' म्हणतात. पुरुष पुरुषाला!

तेव्हापासून हा शब्द जिथे भेटेल तिथे मी थांबते. गुजराती, हिंदी, बंगाली, नेपाळी, धारवाडकडची कानडी, सगळीकडे आपलाच काका आहे. त्यापलीकडे गेलं की मात्र तो रूप बदलतो. कुठे वडीलधारा, कुठे तान्हं बाळ, कुठे चक्क पक्षी.

एक विनंती. शब्द सारखा दिसला की 'हा मूळचा आपलाच' असं म्हणायची आपल्याला घाई होते. या धाग्यावर तेवढं टाळू या. तुमच्या कानांनी काय ऐकलं, कोणाच्या तोंडून, कोणत्या प्रसंगी, ते लिहा.

दार-ए-सलामहून

मी इथे आलो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि ऑफिसातले सगळे मला 'काका' म्हणायला लागले. आठवडाभराने विचारलं तेव्हा कळलं की स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, त्यातही थोरला. ओळख नसलेल्या तरुण माणसालाही मानाने काका म्हणतात. खरा गोंधळ बायको आल्यावर झाला, कारण बहिणीला स्वाहिलीत 'दादा' म्हणतात. बाजारात भाजीवाली हिला लांबून हाक मारायची, "दादा! दादा!" आणि ही वळून माझ्याकडे बघायची. मग आमच्या घरात तसंच रुजलं. आजही फोनवर माझी मुलगी मावशीला दादा म्हणते आणि साताऱ्यात आमच्या आईला ते काही केल्या पटत नाही.

वडिलांना इथे बाबाच म्हणतात. वडिलांचा धाकटा भाऊ 'बाबा म्डोगो', म्हणजे लहान बाबा, आणि थोरला 'बाबा म्कुब्वा', मोठे बाबा. चुलत्याला वडिलांच्याच पंगतीत बसवणारी ही पद्धत मला फार आवडते.

लुधियानाहून

थोडक्यात लिहितो. पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा. माझ्या मुलाच्या जन्मानंतर नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "काका होया है." माझा भाऊ शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "हो, मीच काका." राजेश खन्नांना सिनेसृष्टीत 'काका' का म्हणत, ते मला त्या दिवशी उमगलं. ते अमृतसरचे, घरात पडलेलं लाडाचं नाव. आपण मराठी माणसं मात्र ते ऐकून त्यांना आदराने वडीलधारं समजत आलो.

स्टुटगार्टहून

आमचा मुलगा तीन वर्षांचा असताना बालवाडीत रडवेला होऊन "काका, काका" म्हणत होता. आदल्या दिवशी माझा दीर भारतात परत गेला होता आणि याला त्याची आठवण येत होती. बाईंनी त्याला चार वेळा शौचालयात नेऊन बसवलं. जर्मन मुलांच्या बोलीत काका म्हणजे शी. बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. पण चार वेळा नेऊन बसवल्यावर माझं लेकरू गप्पच झालं, घरी येऊनही बोलेना. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

यावर्षी सासूबाई आल्या होत्या. त्यांनी दोन्ही नातवंडांना नारायणराव पेशव्यांची गोष्ट सांगितली. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, अठरा वर्षांचा पेशवा, मागे गारदी आणि पुढे चुलते राघोबादादा. "काका, मला वाचवा!" या वाक्याला धाकटी फिस्सकन हसली. थोरला, आता नऊ वर्षांचा, तिला म्हणाला, "हसू नको. हे मराठीतलं काका आहे." मी स्वयंपाकघरात होते. हातातलं काम तसंच राहिलं.

*(धागा काढणारीकडून : स्टुटगार्टचा हा अर्थ एकट्या जर्मनचा नाही. लॅटिनमध्ये 'काकारे' हे शौचाचं क्रियापदच होतं. स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये 'काका', इटालियनमध्ये 'काक्का'. हंगेरियनमध्येही काका आणि फिनिशमध्ये काक्का, आणि या दोन भाषा तर युरोपच्या बाकीच्या भाषांहून वेगळ्या कुळातल्या. याचं कारण मला पाळण्यात दिसतं. बाळाच्या तोंडून जी जोडअक्षरं सहज सुटतात, मामा, पापा, बाबा, दादा, काका, ती घरातली मोठी माणसं झेलतात आणि घरातल्याच कशाला तरी लावून टाकतात. कोणी चुलत्याला, कोणी भावाला, कोणी दुपट्यातल्या घाणीला. रोमान याकोबसन या भाषावैज्ञानिकाने 'मामा' आणि 'पापा' जगभर का आढळतात याचा उलगडा याच वाटेने केला होता.)*

गोटेबोर्गहून

आमच्याकडे काका खातात! स्वीडिशमध्ये काका म्हणजे बिस्किट, कधी केकसुद्धा. शेजारच्या आजींनी पहिल्यांदा कॉफीला बोलावलं, ताट पुढे केलं आणि "काका?" असं विचारलं. जुन्या रीतीने पाहुण्यापुढे सात प्रकारची बिस्किटं मांडतात, त्यांनी तशी मांडली होती. आपल्याकडे दिवाळीचा फराळ सगळा ताटात आला पाहिजे, तशीच ती माया.

हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला आणि इंग्रजीतला 'केक' त्यातूनच आला. म्हणजे वाढदिवसाला आपण कापतो तो केक स्वीडिश काकाचा सख्खा, आपल्या काकाशी त्याचं काही नातं नाही. फिनलंडमध्ये तोच शब्द 'काक्कू' झाला. वर लिहिलेला फिनिश 'काक्का' आणि हा 'काक्कू' यांत फक्त शेवटच्या स्वराचा फरक. हेलसिंकीत केक मागताना तेवढं सांभाळा.

चेन्नईहून

माझं सासर तमिळ. इथे जेवणाआधी गच्चीवर कावळ्याला भाताचा घास ठेवायची रीत आहे आणि सासूबाई रोज "का, का" अशी हाक देतात. तमिळमध्ये कावळा म्हणजे काक्का. नाशिकहून माझा चुलतभाऊ आला, मुलीला म्हटलं, "हा बघ, काका आला," तर ती धावत गच्चीकडे गेली.

खुशामत करण्यालाही इथे 'काक्का पिडिक्किरदु' म्हणतात, शब्दशः कावळा पकडणे. सासूबाईंच्या मते मूळ शब्द 'काल-कै', म्हणजे पाय आणि हात. पाय धरण्याचं बोलता बोलता कावळा धरणं झालं. इथले बहुतेक लोक हीच व्युत्पत्ती सांगतात.

*(पुन्हा मीच : हे वाचून राहवेना. संस्कृतातल्या 'काक' शब्दाविषयी यास्काचार्य निरुक्तात म्हणतात की हे आवाजाचं अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळ आढळतं. पण ते तिथेच औपमन्यव नावाच्या आचार्यांचं उलट मतही नोंदवतात, की अनुकरणातून शब्द बनतच नाहीत. म्हणून मग 'ज्याला हाकलून लावायचं तो काक' अशी फोड. आपल्याकडे इतक्या जुन्या काळी हा वाद चालला होता आणि दोन्ही बाजू लिहून ठेवल्या गेल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं. माझा कौल यास्कांना. कावळ्याला ऐका, पटेल.)*

वेलिंग्टनहून

चेन्नईच्या ताईंना दुजोरा. माओरी भाषेत काका हा रानातला तपकिरी पोपट. इथल्या कारोरी भागात कुंपण घातलेलं अभयारण्य आहे, तिथे २००२ पासून हे पक्षी पुन्हा आणून सोडले आणि आता आमच्या परसातल्या झाडावरही येतात. ओरडणं असं कर्कश की पहाटे झोप मोडते, पण तक्रार करावीशी वाटत नाही. न उडणारा प्रसिद्ध 'काकापो' याच शब्दातून आला. 'पो' म्हणजे रात्र, म्हणून रात्रीचा पोपट. माओरींचा आणि यास्कांचा कधी संबंध आला नाही, तरी दोन्हीकडे हा शब्द पक्ष्यालाच चिकटला.

ताकासाकी, जपानहून

इथे काका ही आई! जुन्या बोलीत मुलं आईला 'काका' म्हणत, आजच्या 'ओकासान'मागे तोच शब्द आहे. आमच्या गुन्मा प्रांताची ओळखच 'काकाआ-देंका', म्हणजे बायकोचं राज्य. इथे रेशमाचा धंदा मोठा होता, कातणं-विणणं बायका करायच्या आणि घरात पैसा त्यांच्या हातून यायचा. म्हणून हा शब्द इथे अभिमानाने उच्चारतात.

जकार्ताहून

इंडोनेशियनमध्ये 'काकाक' म्हणजे थोरलं भावंड, भाऊ असो वा बहीण. दुकानात मला सगळे 'काक' म्हणतात.

वाईहून

तुम्ही सगळे लांबलांबून लिहिताय. माझा अनुभव घरातलाच आहे.

आम्ही आमच्या वडिलांना काका म्हणायचो. पाच भावांचं एकत्र कुटुंब, वडील सगळ्यांत धाकटे. चुलतभावंडं आमच्या आधीची, ती त्यांना काका म्हणत, म्हणून आम्हीही काका. त्या काळी बापाने चारचौघांत स्वतःच्या मुलाला कडेवर घेणंही रीतीला धरून नव्हतं. मग वेगळी हाक तरी कोण शिकवणार? खरं तर आमच्याकडचा जुना शब्द 'चुलता', तो संस्कृत 'क्षुल्लतात'वरून आला, म्हणजे धाकटा बाप. पण चुलता म्हणून कोणी हाक मारत नाही. हाक मारायला काकाच.

शाळेत कोणी "तुझे वडील काय करतात?" विचारलं की मी "काका शेती करतात" म्हणायचो आणि मास्तर पुन्हा विचारायचे, "अरे, वडील?" एकदा, मी विशीत असताना, त्यांना 'बाबा' म्हणून बघितलं. ते विहिरीवर मोटर दुरुस्त करत होते. त्यांनी मान वरच केली नाही. त्यांना वाटलं, मी दुसऱ्या कोणाला हाक मारतोय.

गेल्या वर्षी ते गेले. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही लांब उभे राहिलो. अर्धा तास, पाऊण तास, कावळा शिवेना. मोठ्या चुलतभावाने हात जोडून सांगितलं, जमीन विकणार नाही. बहिणीने सांगितलं, आईला बघू. तरी नाही. मग माझा धाकटा मुलगा, त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं, पुढे झाला आणि आमच्या घरात सगळे मारायचे तशीच हाक मारली, "काका, या ना."

पिंपळावरून एक उतरला.