२०२४ ला अमेरिकेतली एनसी स्टेट युनिव्हर्सिटीची पुरुष बास्केटबॉल टीम फायनल फोरपर्यंत (राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतल्या शेवटच्या चार टीम) पोचली कशी?

प्रश्न: एसीसीच्या (त्यांची कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेज टीम्सचा गट) सीझनमध्ये ९ मॅच जिंकल्या ११ हरल्या, एसीसीच्या टूर्नामेंटला दहावं सीड (क्रमवारी), मग मार्च मॅडनेसमध्ये (राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा) एंट्री मिळालीच कशी यांना?

उत्तर: अरे कॉन्फरन्स टूर्नामेंट जिंकणाऱ्याला थेट एंट्री असते ना, तोच एक दरवाजा उरला होता आणि ५ दिवसांत ५ मॅच जिंकून घुसले आत, फायनलला नॉर्थ कॅरोलायनाला ८४-७६ ने हरवलं, एसीसीचं विजेतेपद १९८७ नंतर पहिल्यांदाच!!

उत्तर: त्याच टूर्नामेंटमधली व्हर्जिनियाविरुद्धची सेमीफायनल विसरू नका रे. ३ पॉइंटने मागे, वेळ संपत आलेली, एनसी स्टेटच्या ओकॉनेलने लांबून बॉल टाकला तो बोर्डला लागून आत, मग ओव्हरटाइम. अजून काटा येतो अंगावर

उत्तर: मला त्यांचा डीजे बर्न्स जाम आवडतो, एवढा आडदांड गडी पण पाय किती हलके. मार्च मॅडनेसमध्ये ड्यूकलाही हरवलं, पुढे फायनल फोरला पर्ड्यूने अडवलं ६३-५० ने