खासगी बस अपघात : भरपाईच्या दाव्यासाठी मदत हवी आहे

सुपारीफूल
मावसभाऊ, वय ३४, इलेक्ट्रिशियन, स्वतःची कामं घेतो, राहायला पुण्यात. पुणे-नागपूर खासगी स्लीपर बस दिवे बंद करून उभ्या असलेल्या कंटेनरला मागून धडकली. गुन्हा बुलढाणा जिल्ह्यात नोंदला असून आरोपी फक्त बसचालक. भावाच्या उजव्या नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय. आता दोन महिने झालेत. ट्रॅव्हल्सवाले ४०,००० रुपये देऊन स्टॅम्पपेपरवर सही मागतायत.
सही करावी का? दावा पुण्यात चालेल का? कंटेनरवाल्याला ओढायचं का? आयटीआर (आयकर विवरणपत्र) कधी भरलेला नाही, महिन्याला २०,००० सुटतात. ते कसं दाखवायचं?

तिठा
सही अजिबात नको. त्या कागदावर बहुधा 'पूर्ण व अंतिम, यापुढे तक्रार नाही' असं लिहिलेलं असतं आणि विमा कंपनीचा वकील उलटतपासात पहिला तोच कागद काढतो.
मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अर्ज टाका. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. हाड मोडणं गंभीर दुखापतीतच येतं.

दगडफूल
तिठा, रक्कम बरोबर आहे, सल्ला इथे घातक आहे. विमा कंपनीमार्फत १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण नुकसानभरपाई मागण्याचा, दावा संपुष्टात येतो, कायद्यात तसं परंतुक आहे. रॉड पडलेल्या ३४ वर्षांच्या कारागिराने अडीच लाखांवर थांबायचं कारण नाही.

हिशोब बघा. २०,००० × १२ = २,४०,०००. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा) १६. कामाची क्षमता २५ टक्के घटली असं न्यायाधिकरणाने (अपघात भरपाईचे दावे ऐकणारं कोर्ट) धरलं, तर १३,४४,००० होतात. मृत्यूच्या दाव्यात स्वखर्चाची वजावट होते, ती इथे नाही. उपचार, मदतनीस, प्रवास, बुडालेली मजुरी, वेदना यांचे पैसे वेगळे. पुढे रॉड काढायला लागणार असेल तर डॉक्टरांकडून आत्ताच लेखी अंदाजपत्रक घ्या.

घोळ होतो तो टक्क्यांत. अपंगत्वाच्या दाखल्यावर '४० टक्के' असतं, पण ते पायाचं की पूर्ण शरीराचं? आणि त्या पायाने शिडीवर चढता येतं का? सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार वि. अजयकुमार निकालात हाच फरक सांगितलाय : शरीराचं अपंगत्व वेगळं, कमाईची घट वेगळी. त्यामुळे दाखला शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा किंवा सरकारी रुग्णालयाचा घ्या आणि डॉक्टरांची साक्ष नोंदवा. नुसता कागद जोडला तर त्याला वजन राहत नाही.

दाखल्यासाठी अर्ज अडवू नका. हाड जुळून प्रकृती स्थिर झाल्याशिवाय तो मिळत नाही आणि दाव्याची मुदत अपघातापासून ६ महिने (हा नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू). या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अर्ज आधी, दाखला नंतर.

कुंपणावरून
दावा पुण्यात चालतो. अपघाताची जागा, अर्जदाराचं राहण्याचं वा धंद्याचं ठिकाण, सामनेवाल्याचं (ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याचं) ठिकाण, यातलं कुठलंही निवडा.
कंटेनरचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांनाही सामनेवाले करा, गुन्ह्यात नाव नसलं तरी. प्रवाशाची स्वतःची चूक शून्य, त्यामुळे दोन वाहनांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करता येते (सर्वोच्च न्यायालयाचा खेन्येई निकाल, २०१५). वाटणी त्यांनी आपसात करावी. पंचनाम्यात 'दिवे बंद, रिफ्लेक्टर नाही' आलंय का ते वाचा. नसेल तर सहप्रवाशाची साक्ष लागेल.
आणि आजच एक काम करा : जखमींच्या यादीत भावाचं नाव आहे का बघा. पंचवीस-तीस जखमी असले की जे परस्पर दुसऱ्या दवाखान्यात गेले त्यांची नावं हमखास सुटतात. मग विमा कंपनी म्हणते, हा बसमध्येच नव्हता. तपास अधिकाऱ्याला जबाब द्या, एमएलसी नंबर (दवाखान्यातल्या पोलिस-केस नोंदीचा क्रमांक) जोडा. प्रथम अपघात अहवाल (फॉर्म १) आणि ९० दिवसांत होणारा सविस्तर अहवाल (फॉर्म ७), दोन्हींच्या प्रती मागा.

सुपारीफूल
तिकीट मशीनचं होतं, आता जवळजवळ कोरं झालंय :(

कुंपणावरून
थर्मल कागद, उडणारच. जे दिसतंय त्याचा फोटो काढा, लॅमिनेशन करू नका, उष्णतेने सगळं काळं होतं. बुकिंगचा एसएमएस आणि पैसे गेल्याची बँकेतली नोंद जोडा. मोबाइलवरचे पुरावे छापून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

दगडफूल
उत्पन्नासाठी आयटीआय किंवा वायरमनचं प्रमाणपत्र, यूपीआयच्या जमा नोंदी, ज्यांची कामं केली त्यातल्या एकदोघांची साक्ष. आता घाईने मागच्या वर्षाचा आयटीआर भरू नका, अपघातानंतरच्या तारखेचा म्हटला की संशयच येतो. काहीच नसेल तर न्यायाधिकरण साधारण कुशल कामगाराचं किमान वेतन धरतं.
मेडिक्लेम असेल तरी बिलांच्या मूळ प्रती देण्याआधी प्रमाणित झेरॉक्स काढा. मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा होत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये सांगितलंय.

तिठा
१६४ बद्दल दुरुस्ती मान्य. वकिलांचं सांगतो : भरपाईच्या टक्क्यांवर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, ठरावीक रक्कम लेखी ठरवा. बसचा नंबर परिवहन पोर्टलवर टाकून विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसीची मुदत तपासा. पॉलिसी अपघाताच्या तारखेला संपलेली निघाली तर सगळा भार मालकावर येतो, मग कंटेनरवाल्याला सामनेवाला करणं आणखी गरजेचं.