एमा बोव्हारीचा जीव कोणी घेतला, प्रेमाने की उधारीने?

निशिगंधा

गुस्ताव फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' या महिन्यात तिसऱ्यांदा वाचून संपवली. वाचनगटात विषय निघाला तर बहुतेकांनी एका दमात निकाल लावून टाकला: कादंबऱ्या वाचून डोकं फिरलेली बाई, नवऱ्याला फसवलं, कर्ज केलं, विष खाऊन मेली. मला ते फार लागलं, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याची मुलगी एमा रुआं शहरातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकते. शार्ल बोव्हारी या भल्या पण ठोकळ्या वैद्याशी तिचं लग्न होतं. योंव्हिल नावाच्या खेड्यात ती गुदमरते. आधी रोदोल्फ हा जमीनदार, मग लेओं हा वकिलाकडचा कारकून, अशी दोन प्रकरणं होतात. कर्ज डोईजड होतं आणि ती आर्सेनिक खाते.

माझं म्हणणं असं की तिला रोदोल्फने मारलं नाही, लेओंने तर नाहीच. तिला लरोच्या खातेवहीने मारलं. लरो म्हणजे गावातला कापडवाला. तो पहिल्यांदा घरी येतो तेव्हा रेशमी पट्टे पसरतो, त्यावर नसलेली धूळ नखाने उडवतो, आणि एमा 'काही नको' म्हणाली तरी जाता जाता सुचवून जातो की पैशांची चिंता करू नका, अडलं तर मीच देईन. पुढे शार्लला १००० फ्रँक देऊन १०७० ची हुंडी लिहून घेतो. हुंडी बदलून नवी, तिच्यावर आणखी नवी. फ्लोबेर लिहितो त्याचा भावार्थ असा की लरोला वाटतं, आपले पैसे या घरी आरोग्यधामात राहिल्यासारखे राहतील आणि गलेलठ्ठ होऊन परत येतील. सावकारीवर इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आता कायदा बघा. त्या काळच्या फ्रेंच संहितेप्रमाणे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय करार करता येत नव्हता. मग नवऱ्याच्या वतीने सह्या करायचं मुखत्यारपत्र करून घ्यायची कल्पना तिच्या डोक्यात कोण घालतं? लरोच. घटस्फोट १८१६ साली बंद झाला होता, तो परत आला १८८४ साली. व्यभिचार सिद्ध झाला तर बायकोला तीन महिने ते दोन वर्षं कैद, आणि नवऱ्याने राहत्या घरात ठेवलेली बाई आणली तरच त्याला शिक्षा, तीही नुसता दंड. या बाईने जायचं कुठे होतं?

बार्शीकर

पूर्णपणे असहमत. कायदा वाईट होता हे मान्य, पण ताई, स्वतःच्या लेकीला, बेर्तला ढकलायला कायद्याने सांगितलं नव्हतं. लहानगी पोर आईच्या गुडघ्यांशी येते, एप्रनच्या फितीशी खेळते. एमा तिला कोपराने दूर लोटते. पोर कपाटावर आपटून गालाला लागतं, रक्त येतं. एमा शार्लला सांगते, खेळताना पडली. आणि रात्री झोपलेल्या लेकीकडे बघून तिच्या मनात काय येतं? ही पोर किती कुरूप आहे!

मी स्वतः दोन मुलींचा बाप आहे. ते पान वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं, दोन दिवस उघडलं नाही. लरो सावकार आहे, तो सावकारासारखाच वागणार. या पोराचं काय देणं होतं कुणाला?

रेवा

बार्शीकर, ते पान मलाही जड गेलं. पण त्याच्या आधीचं पान का सोडलंत? एमाला मुलगा हवा असतो, कारण पुरुष निदान मोकळा असतो, देश बघू शकतो, अडथळे ओलांडू शकतो. बाळंत झाल्यावर शार्ल म्हणतो, मुलगी झाली. ती मान फिरवते आणि बेशुद्ध पडते. मुलीचा राग नाही तो. आपल्या वाट्याला आलं ते हिच्याही वाट्याला येणार, याची ती भीती आहे.

आणि ती मदत मागायला गेलीच नाही असंही नाही. चर्चमध्ये पाद्र्याकडे जाते. जीव तळमळतोय हे सांगायला तोंड उघडते. त्याचं लक्ष दंगा करणाऱ्या पोरांकडे. तो विचारतो, अपचन झालंय का? घरी जाऊन थोडा चहा घ्या, नाहीतर थंड पाण्यात साखर घालून प्या. मी पुण्यात एका ज्येष्ठ नातेवाईक बाईंना मनाचं दुखणं सांगितलं होतं तेव्हा मला 'ओव्याचं पाणी घे' असं उत्तर मिळालं होतं. त्यामुळे हा प्रसंग मी विसरूच शकत नाही.

बार्शीकर

रेवाताई, तुमचं दुःख समजलं, त्याबद्दल वाद नाही. पण मग त्या म्हातारीचं काय? कृषी प्रदर्शनात जिला बक्षीस मिळतं ती कातरीन. एकाच शेतावर ५४ वर्षं चाकरी, त्याबद्दल २५ फ्रँकचं चांदीचं पदक. कोठारांची धूळ, धुलाईचा क्षार आणि लोकरीचा तेलकटपणा यांनी हात असे झालेत की धुऊनही मळके दिसतात. व्यासपीठावर जायला घाबरते. पदक हातात आल्यावर म्हणते, हे आमच्या पाद्रीबाबांना देईन, माझ्यासाठी प्रार्थना म्हणतील. तिला कोणत्या संहितेचा आधार होता? तिने कुणाचं घर बुडवलं? एमाला निदान मोलकरीण होती, पियानो होता. या गावात गुदमरायची चैन सगळ्यांना परवडत नव्हती.

निशिगंधा

हा मुद्दा मला खरंच लागला. उत्तर देते. प्रदर्शनाचा तो अख्खा भाग फ्लोबेरने दोन मजल्यांवर रचलाय. खाली चौकात खताचं बक्षीस, मेंढ्यांचं बक्षीस, भाषणं. वर नगरपालिकेच्या दालनात रोदोल्फ एमाचा हात धरून 'आपण का भेटलो' वगैरे बोलतोय. एक वाक्य वरचं, एक खालचं. कातरीन येते ती याच घोळात. मला वाटतं त्याला दोघींना शेजारी उभं करायचं होतं, एकीला दुसरीवर चढवायचं नव्हतं. एकीचे हात वापरून झाले, दुसरीचा हात नुकताच धरलाय.

शल्यक

मी शस्त्रक्रिया विभागात काम करतो, म्हणून एवढंच. इथे शार्लला सगळे भला म्हणताहेत. तो पूर्ण पदवीचा डॉक्टर नाही, दुय्यम परवान्याचा आहे, आणि अशा माणसाला मोठ्या शस्त्रक्रिया डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करायला कायद्यानेच मनाई होती. तरी औषधवाल्या ओमेच्या आणि बायकोच्या आग्रहाने तो खानावळीतल्या इपोलितच्या वाकड्या पायाच्या टाचेमागची कंडरा कापतो. पाय लाकडी पेटीत घट्ट आवळून ठेवतात. सूज येते, काळेपणा चढत जातो, शेवटी बाहेरून डॉक्टर बोलावून मांडीतून पाय कापावा लागतो. त्याची किंकाळी गावभर ऐकू जाते आणि शार्ल घरात खुर्चीवर बसून राहतो. फ्लोबेरचे वडील रुआंच्या इस्पितळात मुख्य शल्यचिकित्सक होते, ते प्रत्येक ओळीत कळतं. भलेपणा म्हणजे निष्पापपणा नव्हे. इपोलितचा पाय गेला तो शार्लच्या हातून.

रेवा

+१. आणि या सगळ्यात ओमेचं काहीच वाकडं होत नाही. आर्सेनिक त्याच्याच कोठीतलं, बाटली कुठे आहे हे तोच रागाच्या भरात सगळ्यांसमोर ओरडून सांगतो. कादंबरीची शेवटची ओळ मात्र त्याला सन्मानपदक मिळाल्याची.

तळटीप

माफ करा, पण मला दोन्ही बाजू पटत नाहीत. धाग्याचं न्यायालय झालंय. हे आधी एकदा होऊन गेलं आहे. १८५६ च्या अखेरीस 'रव्ह्यू द पारी' या नियतकालिकात ही कादंबरी क्रमशः आली आणि जानेवारी १८५७ मध्ये सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांनी खटला उभा केला. त्यांची एक मोठी तक्रार होती की या बाईला दोषी ठरवू शकेल असं एकही पात्र पुस्तकात नाही. ७ फेब्रुवारीला फ्लोबेर सुटला. पिनार यांना जे खटकलं तेच माझ्या मते या पुस्तकाचं मोठेपण आहे.

योगायोगाने त्याच १८५७ साली आपल्याकडे बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. तिथे लेखक विधवांच्या बाजूने उघड उभा आहे, वाचकाला हाताला धरून नेतो. मला ती आदरणीय वाटते. फ्लोबेर हात सोडून देतो. जवळपास पाच वर्षं एकेका वाक्यावर बसून त्याने काय केलं, तर वस्तू बोलत्या केल्या. सरदाराच्या वाड्यावरचं नृत्य आटोपून एमा घरी येते, साटिनचे बूट कपाटात ठेवते. तळवे नृत्यगृहाच्या मेणाने पिवळे पडलेत. तो म्हणतो तिचं मनही तसंच झालं, श्रीमंतीला घासून आलं आणि काहीतरी चिकटून राहिलं. रोदोल्फचं निरोपाचं पत्र जर्दाळूंच्या टोपलीत तळाशी येतं, त्यावर त्याने पेल्यातल्या पाण्याचा थेंब टाकून अश्रू केलेला असतो. यात बळी कोण आणि गुन्हेगार कोण हे ठरवत बसलात तर बूट आणि जर्दाळू हातातून निसटतात.

बार्शीकर

तळटीप, लिहिलंत सुंदर, पण पटलं नाही. लेखकाने निकाल दिला नाही म्हणून वाचकाने देऊ नये असं कुठे आहे? शार्ल ती गेल्यावर देणेकऱ्यांचा ससेमिरा लागला तरी तिची एक वस्तू विकू देत नाही. रोदोल्फ समोर आला तरी म्हणतो, मला तुमचा राग नाही, दोष नशिबाचा. मी त्या माणसाच्या बाजूने निकाल देणार. इपोलितचा पाय हिशेबात धरूनही.

निशिगंधा

तळटीप, बुटांबद्दल मनापासून सहमत. बार्शीकर, बेर्तबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य करते. काल रात्री तेवढ्यासाठी शेवट परत वाचला आणि एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. शार्ल बागेतल्या बाकावर बसल्या बसल्या मरतो, हातात एमाच्या काळ्या केसांची बट. बेर्त जेवायला हाक मारायला येते. तिला वाटतं बाबा खेळतायत, म्हणून हळूच ढकलते, आणि तो खाली पडतो. आईचा कोपर आणि हा हात, पुस्तकात बरंच अंतर आहे दोघांत, पण मला आता ते वेगळे वाचता येत नाहीत.

तरी उधारीवर मी ठाम आहे. सगळं विकून झाल्यावर उरतात १२ फ्रँक ७५ सांतीम. ते बेर्तच्या आजीकडे जायच्या भाड्यात जातात. आजी त्याच वर्षी मरते, मग एक गरीब मावशी तिला सांभाळते आणि पोटासाठी सुताच्या गिरणीत पाठवते.